अंगचोर खांदा

माझा उजवा खांदा आखडला, तेव्हा घरात कुणाला मनातून बरं वाटलं असेल तर माझ्या मुलाला. तोंडाने तो "आई, फार दुखतंय का गं?" असंच विचारायचा, पण डोळ्यांत त्याच्या कपडे वाळवायचं मशीन गरगरत असायचं.

आमची लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या चादरी येतात. धुणं मशीन करतं, इस्त्रीला माणसं आहेत, आणि वाळत घालणं माझं. मागच्या अंगणात डोक्याहून चांगल्या उंच तारा ओढल्यात. ओली डबलची चादर तारेवर अशी टाकायची की पडता पडताच सरळ झाली पाहिजे. लग्न होऊन आले तेव्हापासून या कामाला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिलेला नाही. आता मुलाचं म्हणणं, अंगणावर पत्रे टाकू, मशीन बसवू, आणि तू काउंटरवर बसून पावत्या लिही. पावत्या! माझं नि अक्षरांचं चौथीतच फाटलं. गिऱ्हाइकासमोर एकेक अक्षर जुळवत बसायचं म्हणजे जन्माची अब्रू काउंटरवर मांडायची.

"थंडीच्या आत हात वर गेला तर मशीन नको," मुलगा म्हणाला. "नाहीतर मी मशीनवाल्याला हो सांगून टाकतो."

डॉक्टरांनी फिजिओथेरपीला धाडलं. मला वाटलं, तेल लावून रगडत असतील. गेले तर समोर एक काटकुळी मुलगी, नखं मुळापर्यंत कापलेली, दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी.

"या आजी."

"आजी असेन माझ्या नातवंडांची. तू कोण?"

"मी तुमच्या खांद्याची. मग काय म्हणू?"

"लोक मालकीणबाई म्हणतात."

"बरं, मालकीणबाई. हात वर करा."

केला. दुखलं, पण गेला की जवळजवळ कानापर्यंत! सोबत आलेली सून आ वासून बघत राहिली. "अहो आई, सकाळी तर वेणी मी घालून दिली तुमची!"

त्या मुलीने हाताकडे बघितलंच नाही. मागे आली, पाठीच्या फऱ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "परत करा." मग म्हणाली, "छान. आता उताणं झोपा आणि हेच करा."

झोपले. कडक फळीसारखा पलंग. हात निघाला आणि नाकासमोर येऊन गंजलेल्या नळासारखा अडकला. पुढे जाईना. डोळ्यांत पाणी आलं, ते दुखल्याने नव्हे, रागाने.

"मघाशी हात वर गेलाच नव्हता," ती म्हणाली. "कंबर वाकली, खांदा कानाला जाऊन चिकटला, आणि हात फुकटात वर बसून आला. इतकी सफाईदार चोरी मी अजून पाहिली नव्हती. काम काय करता तुम्ही?"

चादर कशी टाकतात ते सांगितलं. सगळा जोर कंबरेचा, हात नुसता दिशा दाखवायला. ती मनापासून हसली. "मग बरोबर! कंबर मरमर मरतेय हे खांद्याने बघितलं आणि हा पसरला आडवा. अंगचोर झालाय तुमचा खांदा."

माझ्या अवयवाला माझ्या तोंडावर अंगचोर म्हणणारी पहिलीच. मला आवडली.

सांध्याभोवती एक पिशवी असते म्हणे, ती आटते. मी म्हटलं, उकळत्या पाण्यात पडलेल्या लोकरीच्या स्वेटरसारखी? "अगदी तश्शीच," म्हणाली. मग पुढचं मला कुणी सांगायला नको. असा स्वेटर खेचला की गेला. ऊब द्यायची, ओलावा द्यायचा आणि थोडा थोडा सोडवून घ्यायचा. ती तेच करायची. आधी शेक, मग माझा हात दोन्ही तळव्यांवर घेऊन म्हणायची, "हात माझ्याकडे सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडलेला. तुम्हीच धरून ठेवलाय."

घर, धंदा, तारा, सगळं धरूनच ठेवत आले मी. सोडायचं कसं ते ठाऊक कुणाला? पण ही वाट बघत उभी. खेचणं नाही, घाई नाही. पलीकडच्या पलंगावरचा माणूस कण्हत होता, त्याला इथूनच म्हणाली, "श्वास रोखू नका, काका," आणि माझ्या हाताखालचे तळवे केसभरही हलू दिले नाहीत. कधीतरी मलाही न कळता हात जड झाला. "आत्ता आला," ती हळूच म्हणाली. कापडाचा पोत चिमटीत ओळखणारी माणसं मी पाहिलीत. माणसाच्या आतली गाठ तळव्यावर ओळखणारी ही एकच.

कडक मात्र भारी. मी तिचं नाव हवालदारीण ठेवलं. तिने एक वाकडा डाव केला. माझ्या सुनेचा तळवा माझ्या फऱ्यावर ठेवला आणि कुठे दाबायचं, चोरी कशी ओळखायची ते तिला शिकवलं. सुनेच्या हाती सासूचा खांदा! घरी रोज उताणं पडून दोन्ही हातांनी काठी धरायची आणि डोक्यामागे न्यायची, मग भिंतीवर बोटं चढवायची. मागून सून.

"आई, खांदा उचललात."

"नाही उचलला."

"उचललात हो. मला लागला ना हाताला."

"मेली, स्वयंपाकात मीठ किती ते कळत नाही आणि माझा खांदा कळतो!"

"मीठ शिकवायला हवालदारीण नव्हती ना!"

मी बोटं भिंतीवरून खाली आणली. परत केलं.

आणि हात चढत गेला. आधी कपाळापर्यंत, मग केसांपर्यंत. वेणी माझी मी घालू लागले.

थंडी तोंडावर आली आणि एका सकाळी मुलगा मशीनवाल्याला घेऊनच अंगणात उभा. त्या माणसाच्या हातात मापाची टेप. "आई, दाखव बघू," मुलगा म्हणाला.

खरं सांगते, कंबरेचा एक झोका दिला असता तर चादर तारेवर गेली असती. दोघांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण मग पुढचा जन्मभर मीच मला फसवत त्या तारेखाली उभी राहिले असते. मी सुनेला हाक मारली. "ये, ठेव तळवा. माझी बाजू घेऊन खोटं बोललीस तर याद राख."

हात उचलला. कंबर गप्प. हात डोक्याच्या वर गेला आणि थांबला. तारेला एक वीत कमी.

मग सून म्हणाली, "खांदा उचलला नाही हो. जरासुद्धा नाही." असा सूर, की हिचंच पोर पहिलं आलंय.

"पण तारेला पोचला नाही ना," मुलगा म्हणाला.

"मग तार एक वीत खाली घे."

"अगं, चादर जमिनीला लागेल!"

"या भल्या माणसाच्या हातात टेप कशाला आहे? मोजू दे त्याला."

मशीनवाला माणूस खरा निघाला. तारेखाली एक वीत सोडली, तिथून जमिनीपर्यंत टेप धरली, मग टाकायची ती चादर मापली. "मधोमध टाकली तर लागत नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "खाली हातभर उरतं."

मुलाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग स्टूल आणलं आणि वर चढून तारेची गाठ सोडायला लागला.

"नीट ओढून बांध," मी खालून म्हटलं. "झोळ राहिला तर आज सगळ्या चादरी तुलाच वाळत घालायला लावीन."