आठव्या फोटोतला गरुड

मी एक जुना घडीचा कॅमेरा आहे. मित्रांनो, आता माझ्या काचेवर बुरशीचा ठिपका पडला आहे, पण एके काळी मालवणच्या बाजारात माझा केवढा रुबाब होता! मुंबईहून आगबोटीने आलो आणि फोटोग्राफर गुरुदासांच्या हाती पडलो.

नवरदेव, बारशाची बाळं, शाळेचे वर्ग, सगळे माझ्यापुढे श्वास रोखून बसत. गुरुदास "हलू नको हां!" म्हणाले की कोणाची पापणीही लवत नसे. मला वाटे, सगळं जग असंच शहाणं आहे.

१९५८ च्या जानेवारीत ही घमेंड उतरली. शेजारच्या आनंदीबाईंच्या सुरूच्या उंच झाडावर समुद्रगरुडाचं घरटं होतं आणि त्यात एक पिल्लू. इकडे आनंदीबाईंच्या कोंबडीची पिल्लं नाहीशी होऊ लागली आणि आळ गरुडावर आला.

"ह्योच नेता माजी पिल्लां! सोमवारी झाड तोडूक लावतलंय," त्या म्हणाल्या.

"काकी, तो दर्यातला खाता," गुरुदास कळवळून म्हणाले.

"खाता तर दाखय माका!"

घरट्यातल्या पिल्लाला अजून उडता येत नव्हतं. झाड पडलं असतं तर तेही गेलं असतं. रविवारी सकाळी गुरुदास मला घेऊन वाळूत उभे राहिले. फिल्मवर फोटो आठच, आणि दुसरी फिल्म जवळ नव्हती. गरुड आला की गुरुदास सवयीने खांबासारखे ताठ होत, "हलू नको रे!" असं आभाळाकडे ओरडत, आणि कळ दाबेपर्यंत तो चौकटीबाहेर. सात फोटो नुसत्या आभाळाचे निघाले. मला तर रडूच येत होतं.

त्यांच्या पत्नी यशोदाबाई जेवायला बोलवायला आल्या आणि हसत सुटल्या. "अवो, तो थांबाचो नाय. तुमीच फिरा त्येच्या वांगडा!"

तेवढ्यात गरुड पुन्हा आला. पायांत काहीतरी लोंबत होतं. गुरुदास पाय रोवून कमरेतून वळू लागले आणि गरुडाच्या वेगाने मीही त्याच्यासोबत सरकत गेलो. फोटो काढताना मला असं कोणी कधी फिरवलं नव्हतं. वळता वळताच त्यांनी कळ दाबली.

सोमवारी कुऱ्हाडवाला झाडाखाली विडी ओढत होता, तेव्हा गुरुदास फोटो घेऊन धावत आले. पंख, चोच, पायांतला समुद्री साप, सगळं लख्ख. माझ्या फिरण्याने मागचं आनंदीबाईंचं घर मात्र पार फिसकटलेलं.

"अगो बाय, सरप! सरप खाणारो माजी पिल्लां कित्याक खातलो?" आनंदीबाई म्हणाल्या. हा तर्क मला काही पटला नाही. मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "पण माजा घर असा कित्याक पुसलंस?" असं म्हणून त्या रुसल्याच. कुऱ्हाडवाला चहा पिऊन परत गेला.

मार्चमध्ये त्या पिल्लाने पहिली झेप घेतली. मी गुरुदासांच्या गळ्यात होतो, पण माझ्या पोटात फिल्म नव्हती. ते आणि आनंदीबाई माना वर करून बघतच राहिले. "उडाला रे उडाला!" म्हणत आनंदीबाईंनी टाळ्या पिटल्या.

मित्रांनो, खारी हवा आम्हा कॅमेऱ्यांना खाते. आमच्या काचा मऊ फडक्याने पुसा, आम्हाला कोरड्या जागी ठेवा. पण डोक्यावरून कोणी पहिल्यांदाच उडत असेल, तर आम्हाला खुशाल बाजूला ठेवा. तो फोटो हुकल्याचं मला त्या दिवशी जराही वाईट वाटलं नाही.