माजघरातला कापूस

त्या उन्हाळ्यात आमच्या माजघरात माणसं राहत नव्हती, कापूस राहत होता. सातासमुद्रापार अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी तिकडचा कापूस अडकून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. सगळ्या गावानं विकून टाकला. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मात्र भाव आणखी चढेल म्हणून जमिनीपासून आढ्यापर्यंत ठासून भरला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

मग आगीची भीती घरात शिरली. चूल परसात गेली, निंबाखाली. देवापुढचा दिवा बंद झाला. सकाळी गोवरीवर विस्तव मागायला येणाऱ्या बायांना दारातूनच वाटेला लावलं. मालक स्वतः चिलीम ओढायला वेशीपर्यंत जायचे, एवढं मात्र खरं. पलीकडच्या पिंजाऱ्याची रजियाबी एकदा मला म्हणाली, "गोदाबाई, कापसाची आग दिसत नाई वो. आतल्या आत धुमसते. जाळ दिसला का समजाचं, सारं खतम." बोलून ती मोकळी झाली. मी मात्र त्या दिवसापासून जाता-येता माजघराच्या दाराच्या फटीला नाक लावून वास घ्यायला लागले.

पण उन्हाळा कोणाच्या भीतीपायी थांबतो होय? आभाळात ढग डोकावायला लागले आणि माझ्या कुरडया अजून राहिल्याच होत्या. शेवटी गहू भिजवले, वाटले, चीक निवळत ठेवला आणि रजियाबीला हाताशी बोलावलं. मालक भाव विचारायला अमरावतीला गेले होते, म्हणजे मागे कटकट नव्हती. पातेलं चढलं, चीक शिजून चकाकायला लागला, आणि माझी सहा वर्षांची शालू वाटी घेऊन हजर. गरम चीक आणि वर गुळाचा खडा! वर्षातून एकदाच मिळतो, म्हणून जास्तच गोड लागतो.

"माय, अजून दे न."

"फुकून खाय. जीभ पोळंल."

वाटी घेऊन ती घराच्या सावलीला पळाली. रजियाबीनं कुठल्याशा लग्नातली गंमत सांगितली आणि कितीतरी दिवसांनी मी पोट धरून हसले.

तेवढ्यात वावटळ उठली. पालापाचोळा गरगरत चुलीवर आला आणि ठिणग्या घेऊन थेट घरावर गेला, माजघराच्या झरोक्याच्या बाजूला. आम्ही दोघी रांजणाकडे धावलो. भिंतीवर, छपरावर, हाताला येईल तिथं पाणी फेकलं. वावटळ आली तशी निघून गेली. मी शालूला हाक मारली.

ओ आली नाही.

झरोक्याखाली बाहेरच्या अंगाला धान्याची कणगी होती. तिच्या अंगावर चिकाची बोटं उमटली होती, खालून वर, थेट झरोक्यापर्यंत. पोरगी वाटी घेऊन कापसात शिरली होती. अशी ती आधीही कितीदा गेली असेल, देवालाच ठाऊक. मी झरोक्याकडे तोंड करून ओरडले. आणि मग तो वास आला. करपल्याचा.

"रजियाबी, आत धुमसून राह्यलं!"

किल्ली अमरावतीत. रजियाबीनं पहार आणली, कोयंडा उखडला. दार उघडताच कापूस अंगावर कोसळला. आत काळोख आणि भट्टीसारखी धग.

"हवा लागली तं भडकंल, गोदाबाई!"

"भडको! माही लेक आत हाय!"

दोन्ही हातांनी कवळे भरभरून आम्ही कापूस अंगणात फेकला. नाकातोंडात तंतू गेले, श्वास पुरेना. वास वाढतच चालला होता. शेवटी झरोक्याजवळ हाताला एक पाय लागला. तो हलला नाही. मी पाय धरून ओढला.

"झोपू दे न वो, माय," शालू म्हणाली. रिकामी वाटी तिच्या केसांना चिकटली होती.

रजियाबीनं मूठभर कापूस हुंगला. मग वळून परसाकडे हुंगलं. "अगं बाई, आपला चीक!"

चुलीवरच्या पातेल्याचं बूड कोळशासारखं काळं झालं होतं. ठिणगी आत पडलीच नव्हती. आम्ही तिथंच बसून रडलो, हसलो, आणि पुन्हा रडलो.

अर्धं माजघर अंगणात पसरलं होतं. गल्लीतली पोरं त्यावर कोलांट्या मारत होती आणि शालू सगळ्यांच्या पुढे. मला आता दुसरीच धास्ती पडली. मालक आल्यावर त्यांच्या तोंडातून पहिला शब्द "कापूस" निघाला, तर पोरीला घेऊन माहेरी जायचं, हे मी मनाशी पक्कं केलं. बोलायचं तेही सगळं ठरवून ठेवलं.

दिवस कलताना ते आले. अंगणात थबकले. मातीत मळलेला कापूस पाहिला, उखडलेला कोयंडा पाहिला. चेहरा पांढराफटक पडला. ओठ हलले. मी पदर कमरेला खोचला.

"शालू कुठी हाय?"

आवाज त्यांचा वाटतच नव्हता. ढिगातून शालूनं डोकं वर काढलं. ते धावत गेले, तिला उचललं आणि कापसातच मटकन बसले. मी खोचलेला पदर सोडला.

तिला मांडीवर घेऊनच त्यांनी विचारलं, "खायले काही हाय का?"

"करपलेला चीक हाय."

तो त्यांनी मागून मागून खाल्ला. मग उठून निंबाखालचा विस्तव स्वतः खापरात घेतला आणि घरात नेऊन देवाचा दिवा लावला. त्या संध्याकाळी चूल आत आली आणि आतला उरलेला कापूसही बाहेर गेला.