स्वयंपाकघरातली रेघ

इस्क्राचा फोन आला तेव्हा डोंका खिडकीशी ठेवलेल्या विजेच्या शेगडीवर मिरच्या भाजत होती. लेक जर्मनीहून सुट्टीला येत होती, आणि तीही परवाच. बुखारेस्टपर्यंत विमान, तिथून बसने सरहद्दीच्या नदीवरचा पूल ओलांडून इकडे रूसेला. सोबत वर्षाची लोरा.

"घरभर रांगत सुटते गं आई. स्वयंपाकघराची फरशी तेवढी चकचकीत करून ठेव."

फरशीचं नाव निघालं आणि डोंकाने खाली पाहिलं.

फरशीवर रेघ होती. बोटाएवढी जाड, काळीकुट्ट. दाराच्या उंबऱ्यापासून निघायची, टेबलाच्या पायावरून वर चढायची, टेबल मधोमध कापून पलीकडे उतरायची. तिथून फ्रिजच्या दारावर, तिथून भिंतीवर. वाटेत दिव्याचं पांढरं बटण आलं होतं, तर त्याचेही दोन भाग केले होते. छताच्या थोडं खाली ती थांबली होती, कारण ओढणारीचा हात स्टुलावर चढूनही तिथवरच पोचला होता.

रेघेच्या अलीकडे डोंका राहायची, पलीकडे तिची नणंद नेवेना. वाटणीत नळ डोंकाकडे आला आणि चूल नेवेनाकडे गेली. म्हणून डोंका विजेच्या शेगडीवर शिजवायची आणि नेवेना न्हाणीघरात वाकून भांडी घासायची. चार वर्षं दोघींच्या पाठीची आणि जिभेची अशी वाट लागली होती, पण माघार घ्यायला कुणी तयार नव्हतं. इस्क्राचं त्या चार वर्षांत येणं झालं नव्हतं, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोनवर चेहरे दाखवायचे तर दोघी आपापल्या खोलीत बसून दाखवायच्या.

ही रेघ कामेन गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाची. कामेन म्हणजे डोंकाचा नवरा, नेवेनाचा धाकटा भाऊ. बंदरावरच्या क्रेन दुरुस्त करता करता त्याची छाती निकामी झाली. त्या दिवशी कबरीवर वाइन शिंपडून, उकडलेला गहू वाटून नेवेना घरी आली, आणि भावाचा कोट एकदा हातात घ्यावा म्हणून तिने कपाट उघडलं. कपाट रिकामं. डोंकाने दुपारीच सगळे कपडे चर्चच्या दारात नेऊन दिले होते. कोट, सदरे, विणलेले बनियनसुद्धा.

"माती अजून ओली आहे आणि तू घर झाडून मोकळी झालीस," नेवेना म्हणाली होती. डोंकाने काहीच उत्तर दिलं नाही. त्या गप्प बसण्यानेच नेवेनाचा तोल गेला. लोणच्याच्या बरण्यांच्या झाकणांवर साल लिहायचा जाड मार्कर खणात होता. तो तिने उचलला.

डोंका गप्प बसली त्याला कारण होतं. इस्पितळात शेवटच्या दिवसांत कामेनने तिच्याकडून शब्द घेतला होता. "चाळिसावा झाला की माझे कपडे घरात ठेवू नकोस. आई गेली तेव्हा नेवेना तिची शाल मांडीवर घेऊन अख्खा हिवाळा बसून होती, आठवतं ना? जेवायला उठवावं लागायचं. माझा कोट तिच्या हाती लागला तर ती पुन्हा तशीच बसेल. आणि हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. तिला लागेल."

डोंकाने शब्द पाळला. सुरुवातीला तो छातीवर दगडासारखा वाटायचा. पुढे पुढे मात्र, नेवेनाचा एखादा टोमणा आला की तिला आतून गार वाटायचं. बोल, बोल, तुला काय माहीत. हे गार वाटणं काही चांगलं नव्हे, हेही तिला कळत होतं.

मिरच्या करपल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली. पलीकडे नेवेना कॉफीचा कप घेऊन उभीच होती.

"ऐकलंत ना, वन्सं?"

"ऐकलं. तुझा आवाज खालच्या मजल्यालाही ऐकू जातो."

"मग? लोरा रांगत तुमच्या बाजूला आली तर तिच्याकडे पासपोर्ट मागणार आहात का?"

"ती आमच्या कामेनची नात आहे. तिला सगळीकडे मोकळीक. अडवलंय ते तुला."

डोंकाने गॅलरीतून बादली आणली, साबण कालवला आणि आपल्या बाजूने रेघ घासायला बसली. थोड्या वेळाने मान वर करून पाहते तो नेवेनाही फडकं घेऊन पलीकडून घासत होती. फेसच फेस झाला, रेघ जशीच्या तशी. उलट धुऊन निघाल्यावर ती आणखीनच काळी दिसायला लागली.

"पक्की शाई आहे," नेवेना म्हणाली. "मार्करवर लिहिलेलंच होतं तसं."

"वाचून घेतली होतीत वाटतं?"

नेवेनाच्या ओठाचा एक कोपरा हलला.

स्पिरिट हवं होतं. रविवार म्हणून कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान बंद. मग नेवेना आपल्या खोलीत गेली आणि कामेनने गावी भट्टीवर काढलेल्या रकियाची, फळांच्या कडक दारूची, बाटली घेऊन आली. पहिल्या धारेची, प्यायची नव्हे, गुडघ्यांना चोळायची. उघडताच डोळ्यांत पाणी यावं अशी.

"त्याची आहे," डोंका म्हणाली.

"त्याचीच. माझ्या गुडघ्यांना त्याने काही उतार पडलेला नाही. फरशीला पडला तर बघू."

आणि उतार पडला. ओला बोळा रेघेवर थोडा वेळ दाबून धरायचा आणि मग पुसायचा, की शाई सुटून फडक्यावर यायची. फ्रिजचं दार तर बघता बघता पांढरं झालं. फरशीही सुटली, फक्त दोन फरशांमधल्या सांध्यांत काळं रुतून बसलं. तिथे डोंकाने दात घासायची पेस्ट लावली आणि जुन्या ब्रशने घासलं, तेव्हा कुठे ते करड्यावर आलं. दोघी गुडघे टेकून समोरासमोर होत्या. डोकी एकदोनदा एकमेकींवर आपटली.

दिव्याचं बटण मात्र ऐकेना. प्लॅस्टिकने शाई पिऊन टाकली होती. नेवेना उठली, खण उघडला आणि तोच मार्कर घेऊन आली. टोपण काढताना पाहून डोंकाचे हात थांबले.

"आता काय?"

"केस कापणारी सांगत होती. जुन्या शाईवर तीच शाई ओली ओढायची आणि वाळायच्या आत पुसायची. ओलीबरोबर जुनी निघते."

"म्हणजे पुसायची तर आधी पुन्हा ओढायची?"

"मी काय करू? मार्कर मी बनवलाय का?"

तिने बटणावर रेघ गिरवली. डोंका फडकं घेऊन तयारच होती, तिने लगेच पुसलं. पुन्हा गिरवली, पुन्हा पुसलं. एक ओढत होती आणि दुसरी पुसत होती, आणि चारपाच खेपांनंतर दोघींनाही हसू आवरेना. हसताना नेवेना अगदी कामेनसारखी दिसायची. डोंका हे विसरूनच गेली होती.

भिंतीचं काही जमलं नाही. रंग निघाला, शाई निघाली नाही. उरलेला चुना काढून डोंकाने त्यावर हात फिरवला, पण चुना वाळला तशी रेघ खालून करडी होऊन परत वर आली. तिथे बटणाच्या वर-खाली कॅलेंडरं टांगायचं ठरलं.

उरलं टेबल. ते कामेनने स्वतः ओकच्या फळ्या जोडून केलं होतं आणि त्यावर लॅकरचे, चकचकीत रोगणाचे, हात दिले होते. एक हात वाळला की घासायचा, मग दुसरा. तेवढे दिवस त्याने कुणाला गॅलरीत पाऊल ठेवू दिलं नव्हतं. डोंका खाली कचरा टाकायला गेली, तेवढ्यात नेवेनाने नखांचा रंग काढायचं द्रावण आणलं. रकिया संपत आली होती, आणि हे जास्त जोरदार, असा तिचा हिशोब.

डोंका परत आली तेव्हा नेवेना खुर्चीवर बसलेली होती. टेबलावरची रेघ गेली होती. तिच्याबरोबर लॅकरही गेलं होतं. टेबलाच्या मधून एक खरखरीत, फिकट पट्टा निघाला होता, भाजलेली कातडी सोलावी तसा. नेवेनाचा हात त्या पट्ट्यावर होता.

"वन्सं."

नेवेनाची नजर टेबलावरून हलली नाही.

"वन्सं, लाकूड आहे. होईल नीट."

"त्याच्या हाताचं होतं," नेवेना हळू आवाजात म्हणाली. "तू कपडे दिलेस म्हणून मी तुला चार वर्षं बोल लावले. आणि हे मी केलं."

डोंकाने मिरच्या सोलल्या, ब्रेड कापला, तिच्यासमोर ताट ठेवलं. ताट तसंच राहिलं. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं तरी तो हात तिथेच होता. डोंकाला तो हिवाळा आठवला, मांडीवरची शाल आठवली. कामेनला ज्याची भीती होती ते आता तिच्या डोळ्यांसमोर बसलं होतं. मग त्याला दिलेला शब्द आता कोणाला वाचवत होता? तिने खुर्ची ओढली आणि जिथे रेघ होती तिच्या पलीकडे, नेवेनाच्या शेजारी बसली.

"कपडे द्यायला मला कामेनने सांगितलं होतं," ती म्हणाली.

नेवेनाने मान वळवली. डोंकाने सगळं सांगितलं. शाल, कोट, शब्द. काही गाळलं नाही.

"त्याने मला सांगायला हवं होतं," नेवेना म्हणाली. "मी मोठी बहीण त्याची. लहान मूल होते का मी?"

"तुम्हाला लागेल म्हणाला."

"मग आता नाही लागलं?" तिने नाक पुसलं. "आणि तू चार वर्षं ऐकून घेत राहिलीस. एकदाही तोंड उघडावंसं वाटलं नाही?"

इथे डोंकाला 'नाही' म्हणता आलं असतं. शब्दाला जागणारी बाई म्हणून ती उठून दिसली असती. पण दिवसभर गुडघ्यांवर बसून तिचा तेवढा दिमाख उरला नव्हता.

"वाटायचं. पण तुम्ही चुकताय आणि मला ते माहीत आहे, याचंही बरं वाटायचं. आणि खरं सांगू? त्याने सांगितलं नसतं तरी मी दिलेच असते. कपाट उघडलं की ग्रीसचा वास यायचा. रोज सकाळी वाटायचं, हा आत्ता येईल आणि चहा मागेल. मला ते सहन होत नव्हतं. त्याच्या शब्दाआड मी लपले, झालं."

नेवेनाने तिच्याकडे पाहिलं. मग ताट जवळ ओढलं आणि मिरचीचा तुकडा तोंडात टाकला.

"करपल्यात," ती म्हणाली.

"तुमची चूल मिळाली असती तर करपल्या नसत्या."

इस्क्रा आली, लोरा आली. लोरा दारातूनच जी सुटली ती थेट टेबलाखाली. इस्क्राने पिशव्या ठेवल्या आणि टेबलाकडे पाहून थबकली.

"बाबांच्या टेबलाला काय झालं?"

"काही सांडलं असेल," डोंका घाईने म्हणाली.

"सांडलं बिंडलं काही नाही," नेवेना म्हणाली. "बस, सांगते."

आणि तिने सांगितलं. रेघ कुणी ओढली, का ओढली, नळ कुणाकडे, चूल कुणाकडे. आपली बाजू जराही सावरून घेतली नाही. इस्क्रा ऐकत राहिली. शेवटी तिने कपाळाला हात लावला.

"मी आईला घेऊन जायला आले होते," ती म्हणाली. "तुमचं काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं. म्हटलं, आईला माझ्याकडे न्यावं, हे घर विकावं, आत्याला एक छोटी खोली बघून द्यावी. रस्ताभर वाक्यं जुळवत होते."

डोंका नेवेनाकडे पाहत होती. नेवेना खिडकीकडे.

"हिवाळ्यात येईन," डोंका म्हणाली. "लोराला सांभाळायला. वसंतात परत येईन. वन्संना एकट्यांना न्हाणीघरात वाकायला लागतं, पाठ धरते त्यांची."

"आता कशाला वाकू? नळ मोकळा झालाय," नेवेना म्हणाली. मग थोडं थांबून, "जा. पण वसंतात म्हणजे वसंतात. उन्हाळ्यात नव्हे."

टेबलाचं काय करायचं ते इस्क्राने खालच्या सुताराला विचारलं. तो म्हणाला, एवढ्या पट्ट्याला लॅकर लावून भागणार नाही, डाग उठून दिसेल. सगळं खरवडून काढा आणि पहिल्यापासून हात द्या. म्हणून तिघींनी मिळून टेबल अंगणात लिंडनच्या झाडाच्या सावलीत नेलं आणि दोन दिवस सँडपेपरने घासलं. लाकडाचा पिवळट भुसा लोराच्या केसांत, नेवेनाच्या भुवयांवर, सगळीकडे. घासताना नेवेनाचा हात एकदा थांबला. डोंकाने पाहिलं आणि आपलं घासणं चालूच ठेवलं. हात परत चालू झाला. लॅकरचा पहिला हात बसला तेव्हा टेबल पूर्वीइतकं गडद दिसेना. मधासारखं फिकट दिसत होतं.

"त्याला आवडलं नसतं," नेवेना म्हणाली.

"त्याला दुसऱ्याने केलेलं काय आवडायचं?"

टेबल वाळेपर्यंत जेवायला जागा नव्हती, म्हणून त्या संध्याकाळी ताटं नेवेनाच्या खोलीत नेली. डोंकाने चार वर्षांत त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ती पलंगाच्या कडेला अवघडून बसली. इस्क्रा लोराला झोपवायला शेजारच्या खोलीत गेली. दोघी मांडीवर ताटं घेऊन जेवत राहिल्या.

"आणखी काय म्हणाला होता तो?" नेवेनाने ताटातून नजर न उचलता विचारलं. "इस्पितळात."

डोंका विचारात पडली. कपड्यांच्या त्या शब्दाला जपता जपता बाकीचं सगळं तिने कुलपात टाकलं होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"एकदा म्हणाला, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रात्री झोपेत गातो, आणि बेसूर गातो. त्याला म्हणे उठवून सूर सांगावासा वाटायचा."

"वाटणारच. घरातही कुणाला नीट गाऊ दिलं नाही त्याने."

"आणि टोमॅटो हवे होते त्याला. गावच्या वाडीतले, गुलाबी. फेब्रुवारीत. मी म्हटलं, आता कुठून आणू, तर दोन दिवस अबोला धरला माझ्याशी."

नेवेना हसली. ताट बाजूला ठेवून तिने पाय वर घेतले, भिंतीला उशी लावली आणि दुसरी उशी डोंकाकडे सरकवली.

"नीट टेकून बस," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग. कोणत्या दिवशी दाखल केलं होतं त्याला, मंगळवारी की बुधवारी?"