बोटबाबा आणि सरकतं टेबल

माणूस दोन पायांवर उभा राहिला, तिथून त्याच्या बुद्धीचा विजयी प्रवास सुरू झाला. त्या दुपारी दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत मात्र सगळे गुडघ्यांवर होते.

कारण बोटबाबा आले होते. टेबलावर माझी थोरली बहीण, अक्का, आडवी. न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडल्याचा संशय. बाबांना घेऊन आले होते तिचेच चिरंजीव.

बाबांनी करंगळीने कान कोरला, तीच करंगळी टेबलाच्या कडेला लावली आणि डोळे मिटले. "जडाचं हलकं, हलक्याचं शून्य! चल बाई, चल!"

खट्ट! टेबलाची अख्खी फळी अक्कासकट हातभर सरकली. अक्काचं वजन आमच्या घराण्यात अभिमानाचा विषय आहे. भक्त हंबरले. दोघांनी ती करंगळी डोळ्यांना लावली.

"हाड सांधलं!" बाबांनी जाहीर केलं. "आता फोटो नको. घरी न्या आणि उद्यापासून चालवा."

"मामा, स्ट्रेचर धरा," भाचा म्हणाला.

"अरे, मोडक्या हाडावर चालवलंस तर आई जन्माची अंथरुणाला खिळेल!"

"तुमचा कशावर विश्वासच नाही."

"आहे ना. हाडावर आहे."

तेवढ्यात हाडांच्या डॉक्टरीणबाई आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि अगत्याने स्टूल पुढे केलं. "बाबा, दमला असाल. यावर मांडी घालून बसा आणि पुन्हा सरकवा."

नाही म्हणायची सोय नव्हती. बाबा बसले. करंगळी लाल झाली, मग जांभळी. फळी ढिम्म.

"आता तू ये," बाई भाच्याला म्हणाल्या. "खाली ते पेडल आहे ना, त्यावर पाय दे. हं, आता लाव बोट."

खट्ट! आई सरकली. भाच्याने वाकून पेडलकडे बघितलं.

फळी बेअरिंगवर तरंगते आणि विजेचे चुंबक तिला धरून ठेवतात. पेडल दाबलं की चुंबक सोडतात. मग पोरही ढकलेल. मघाशी बाबांचा पायघोळ झगा पेडलवरच पसरला होता, आणि झग्याखाली पाय.

एक्स-रे काढणाऱ्याचे हात अजून जोडलेलेच होते. "पाय पडलेला दिसला होता मला," तो पुटपुटला. "वाटलं, चुकून पडला असेल."

"यंत्रही माझंच रूप!" बाबा झगा सावरत म्हणाले.

"मग बिघडलं की तुम्हालाच बोलावू," बाई म्हणाल्या. बाबा सटकले.

मोडलेल्या माणसाला हलवायला लागू नये, टेबलच हलावं, असा विचार कुणीतरी डोकं शिणवून केला होता. त्या मायेवर हा माणूस पाय देऊन देव झाला. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की पायांकडे जरूर बघा. पण डोकं टेकायला नव्हे, डोकं वापरायला.

भाच्याने आईचा हात धरला. "आई, चुकलो गं. काय करू सांग."

"फोटो लवकर काढायला सांग," अक्का म्हणाली. "मला लघवीला लागलीये."