केवलभाऊचा डावा कान

चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात गुलाबरावांच्या ऑर्केस्ट्राचं गाडं अडलं ते दोघांपाशी. बेस गिटारवर विजयकुमार, पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा क्लार्क. ड्रमवर केवलराम, तिथल्याच रोलिंग मिलमधला कामगार, विजयकुमारहून दहा वर्षांनी मोठा. एकेकटे दोघंही पक्के. पण एकत्र वाजवू लागले की गाणं खडखडायचं.

"गणपतीपर्यंत जमवा," गुलाबराव वैतागून म्हणाले, "नाही त एकाले बदलतो."

विजयकुमारला वाटे, केवलराम मुद्दामच ऐकत नाही. कितीदा विनवलं, "केवलभाऊ, मले आयकून मारा ना!" तो नुसता हसायचा अन् आपल्याच चालीनं पुढं जायचा.

एका रविवारी सकाळी विजयकुमार गिटार अन् स्पीकरचा खोका रिक्षात घालून थेट त्याच्या क्वार्टरवर गेला. आज सोक्षमोक्षच लावायचा! आतून ड्रम ऐकू येत होता. केवलरामची बायको मथुरा अंगणात तांदूळ निवडत होती.

"हाक नका मारू, भाऊजी. जाऊन खांद्यावर हात ठेवा."

"कावून, वहिनी?"

"मिलच्या आवाजानं यांचा डावा कान पुरा गेला. तुमाले सांगतलं नाही?"

विजयकुमार जागीच थबकला. स्टेजवर तो रोज केवलरामच्या डाव्याच बाजूला उभा राहायचा.

आत जाऊन त्यानं खांद्यावर हात ठेवला अन् कानाचं विचारलं, तसा केवलराम ओशाळला. "सांगतलं असतं त गुलाबरावनं दुसरा आणला असता, विजयबाबू."

विजयकुमारनं खोका उचलून केवलरामच्या स्टुलाला अगदी टेकवून ठेवला अन् सर्वांत जाड तार छेडली. केवलराम ताठ बसला.

"आला! पाठीतून आला!"

मग त्यानंही मनातलं सांगितलं. "राग नका धरू, पण तुमी लय सूर भरता. जागाच नाही ठेवत. माझ्या पायाकडं पाहा. पाय पडला की तुमी वाजवा, मंधात गप राहा."

विजयकुमारला ते झोंबलं. तरी तो तासभर एकच सूर केवलरामच्या पायाबरोबर वाजवत राहिला. आधी बोटं वळवळत. मग हळूहळू गप्प राहणंही गोड वाटू लागलं. दारातून मथुरा म्हणाली, "आत्ता कसं, एकच माणूस वाजवून राहिला वाटते."

तिथून दर रविवारी बैठक ठरली.

गणपतीच्या कार्यक्रमात ऐन भरात गायिका प्रेमला कडवं विसरली. बाकीचे गांगरले. हे दोघं एकमेकांकडं न बघता तोच ठेका घुमवत राहिले, एक फेरी, दोन, चार. लोकांना वाटलं, गाणं असंच आहे. टाळ्या ठेक्यात पडू लागल्या. प्रेमलाला शब्द सापडले अन् ती अलगद त्यावर येऊन बसली.

स्टेजमागं केवलरामनं स्वतःहून गुलाबरावांना कानाचं सांगून टाकलं.

गुलाबराव म्हणाले, "गेला त गेला. विजयबाबूचे दोन आहेत ना शाबूत? तीन कानांत भागवा."

केवलरामला ते नीट ऐकू आलं नाही. विजयकुमारनं उजव्या बाजूला जाऊन त्याला पुन्हा सांगितलं, तेव्हा तो पोट धरून हसला.