जतन झालं

आमच्या दादाला लांबून सल्ले द्यायला काय जातं! शुक्रवारी फोनवर म्हणाला, "रविवारी अकराला आत्याला घेऊन येतोय. बाबांना कुठे राहायचंय ते त्यांच्याच तोंडून ऐकू. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"त्यांच्या तोंडून?" मी म्हटलं. "अकरा महिने झाले, एक शब्द निघालेला नाही तोंडातून. तुला कुणी कळवलं नाही वाटतं?"

"तू केलेली ती पेटी आहे ना, तिच्यातून सांगतील. आणि चिमे, तूही अडकलीयेस त्या घरात. आरशात बघ जरा."

मी फोन ठेवून दिला. अडकलीयेस म्हणे! तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही, बाबांची उजवी बाजू गेलेली. अकरा महिन्यांत ते दोनदा खाली उतरले, दोन्ही वेळा चार माणसांनी खुर्चीसकट उचलून, दवाखान्यात न्यायला. आणि मी? मी दूध आणायला उतरते तेवढीच. पण हे मी म्हणायचं, दादाने नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणतात. तिचं घर तळमजल्यावर, थेट रस्त्याला लागून. ओट्यावर बसलं की बसचा शेवटचा थांबा दिसतो. सून नर्स आहे. दादाचं म्हणणं, बाबांना तिकडे न्यावं. माझं म्हणणं, बाबांना इथेच राहायचंय. मी त्यांना कितीदा विचारलंय. "इथेच बरंय ना, बाबा?" म्हटलं की पेटी 'हो' म्हणते. आता त्यांचं बोट बटणापर्यंत जायला वेळ लागतो, म्हणून कधीकधी ते बटण मीच दाबते, एवढंच.

पेटीबद्दल सांगायला हवं. डॉक्टर म्हणाले होते की बाबांना सगळं समजतं, डोकं शाबूत आहे, फक्त बोलणं गेलंय. डावा हात थरथरतो, त्यामुळे पाटीवर लिहिलं की कोंबडीचे पाय. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी अक्षरांचा तक्ता आणून दिला होता. बाबा एकेक अक्षर दाखवणार, आपण वाचायचं. पण मला कुठला आलाय एवढा धीर! दुसऱ्या अक्षरालाच मी वाक्य पुरं करून टाकायचे. "पाणी? पाठ? पाय दुखतोय?" एक दिवस त्यांनी तक्ता जमिनीवर ढकलून दिला. मग मी पेटी बनवली.

ते माझं कामच आहे. पार्किंगची गेटं बनवणाऱ्या एका कंपनीसाठी मी घरून काम करते. प्रत्येक गेटच्या खांबात पत्त्यांच्या कॅटएवढा एक बोर्ड असतो. त्यावर चालणारं लिनक्स, म्हणजे अगदी पहिल्या फाइलपासून शेवटपर्यंतचं सगळं, मी एका इमेजमध्ये, म्हणजे एकाच मोठ्या फाइलीत, बांधते. ती इमेज मेमरी कार्डावर उतरवायची, कार्ड बोर्डात खोचायचं, की गेट चालू. गंमत अशी की हे सगळं त्या बोर्डावर बांधता येत नाही. त्याचा जीव केवढासा! म्हणून लॅपटॉपवर खोटा बोर्ड उभा करायचा. दोघांच्या प्रोसेसरची भाषा वेगळी, तर मध्ये एक एम्युलेटर बसवायचा, दुभाष्यासारखा. आतल्या प्रोग्रामला वाटतं आपण खऱ्या बोर्डावर आहोत. फक्त प्रत्येक गोष्ट भाषांतर होऊन जाते, त्यामुळे सगळं रखडत चालतं आणि माणसाच्या नाकी नऊ येतात.

तसाच एक बोर्ड, वर छोटा स्क्रीन, आठ मोठी बटणं, पानं उलटायला दोन छोटी, एक स्पीकर. पेटी तयार. पहिल्या पानावर मी घातलेली वाक्यं: हो, नको, पाणी, दुखतंय, संडास, टीव्ही लाव, थंडी वाजतेय, बरंय. बाईंनी आग्रह केला म्हणून मागे आणखी एक पान ठेवलं, 'माझी वाक्यं'. तिथे एकेक अक्षर निवडून स्वतःचं वाक्य जुळवायचं, जतन करायचं आणि मग हवं तेव्हा बोलायला लावायचं. जतन केलं की पेटी तिच्या त्या बातम्या देणाऱ्या आवाजात सांगते, "जतन झालं." मी ते एम्युलेटरमध्ये दहादा तपासलं होतं. चोख चालत होतं.

तर शनिवारी सकाळी मी नवी इमेज बांधायला बसले. कशासाठी, तर पहिल्या पानावर एक नवं वाक्य घालायला: 'मला इथेच राहायचंय.' हसू नका. मी काही खोटं घुसडत नव्हते. रविवारी बाबा दादाच्या समोर अक्षरं जुळवत बसले असते तर दुपार झाली असती, आणि आत्या तोपर्यंत रडून मोकळी. 'बरंय' काढून तिथे हे टाकलं, बस्स. एकदा बोट पडलं की विषय संपला.

बाबांना खिडकीपाशी बसवलं आणि पेटी चालू केली. रोजच्यासारखं त्यांनी दोन-तीन बटणं दाबून काहीतरी शोधलं, मग पहिल्या पानावर येऊन लागोपाठ दाबलं: "दुखतंय. दुखतंय. दुखतंय." हे रोज सकाळचं. कुठे दुखतंय विचारलं की काही नाही, नुसतं बघत राहायचे. मी गोळी दिली. नऊ महिने रोज सकाळी देतेय. मग माझ्या खोलीत जाऊन दार लावलं, हेडफोन घातला आणि कामाला लागले.

इमेज बांधून व्हायला दुपारचे दोन वाजले. शेवटची पायरी असते कुलूप घालायची. म्हणजे आज्ञांची अशी एक स्क्रिप्ट चालवायची की बोर्ड चालू असताना कार्डावर काहीही लिहिलं जात नाही. जे काय बदलेल ते तात्पुरत्या मेमरीत, आणि वीज गेली की पुसलं. गेटांना तेच हवं असतं. कितीही वेळा दिवे जावोत, गेट रोज सकाळी नवंकोरं उठतं, काल कोण आलं-गेलं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आमच्याकडे पद्धतच आहे: आधी सगळं तपासायचं, सगळ्यात शेवटी कुलूप घालायचं. कुलूप घातल्यावर पुन्हा कुणी तपासत नाही. त्यात काय तपासायचं?

पण दादाने डोक्यात किडा सोडला होता. ऐनवेळी पेटी बंद पडली तर तो काय म्हणेल, या भीतीने मी कुलूपबंद इमेज एम्युलेटरमध्ये चालू केली. नवं बटण दाबलं. "मला इथेच राहायचंय." छान. 'माझी वाक्यं' उघडून 'चहा' लिहिलं. "जतन झालं." मग पुन्हा पहिल्यापासून चालू करून पाहिलं.

'माझी वाक्यं' रिकामं होतं.

म्हटलं, एम्युलेटरने घोळ घातला. पुन्हा 'चहा' लिहिलं. "जतन झालं." पुन्हा बंद, पुन्हा चालू. रिकामं. तिसऱ्यांदा करताना माझा हातच थांबला. घोळ कसला! कुलूप आपलं काम करत होतं. गेटासाठीची स्क्रिप्ट मी जशीच्या तशी बाबांच्या पेटीला लावली होती, नऊ महिन्यांपूर्वी, तपासून झाल्यावर. आणि पेटी रोज संध्याकाळी सहाला मी बंद करते. स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर येऊन त्यांना झोप लागत नाही, म्हणून.

सहा वाजता मी खोलीत जाऊन "चला, जेवायचं" म्हणत स्विच बंद करायला वाकते, तेव्हा बाबा रोज डाव्या हाताने वायर घट्ट धरतात. मी चिडून बोटं सोडवते. "लहान आहात का आता? खेळणं आहे का ते?" असंसुद्धा म्हटलंय मी. आणि दिवसा कधी बंद दाराआडून पेटीचा आवाज आला, तर हेडफोन न काढता मी ओरडायचे, "पाणी टेबलावरच आहे, बाबा!" दुपारी ताट घेऊन गेले आणि त्यांचं बोट बटणाकडे निघालं, की ते पोचायच्या आत मीच 'हो' दाबून मोकळी.

मी उठले. बाबा खिडकीपाशीच होते, पेटी मांडीवर. मला अवेळी आलेली पाहून त्यांचा हात आधी वायरीवर गेला.

"बंद नाही करत," मी म्हटलं. "शपथ. बाबा, तुम्ही काही लिहिलंय का आज? मला ऐकायचंय."

त्यांनी वायर सोडली आणि बोट बटणाकडे नेलं. मी हात पाठीमागे धरले, नाहीतर माझंच बोट गेलं असतं पुढे, सवयच तशी. एक बटण. थरथर. दुसरं. चुकलं, मागे आले. पुन्हा पहिल्यापासून. पान उघडलं. त्यावर एकच वाक्य होतं. त्यांनी ते दाबलं.

"मला अक्काकडे जायचंय," पेटी म्हणाली.

कुणी तोंडात मारावी तसं झालं. खोटं कशाला बोलू, आधी मला रागच आला. तुमचं हगणंमुतणं मी काढतेय, माझी नोकरी या चार भिंतींत आणून ठेवलीय, आणि जायचंय अक्काकडे! मग नऊ महिने आठवले. मी खाली फरशीवर बसले.

"रोज हेच लिहीत होतात?"

आणि मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा थांबले म्हणा ना. ते एकेक बटण मागे येत पहिल्या पानावर आले, बोट फिरत फिरत वर गेलं.

"हो."

रोज. सकाळपासून खपून दहा-बारा अक्षरं जुळवायची, पेटीने "जतन झालं" सांगायचं, संध्याकाळी मी स्विच बंद करायचा, सकाळी पान रिकामं. की पुन्हा 'म' पासून सुरुवात. आणि मी काय केलं, तर गोळी दिली.

"इथे काय कमी पडलं, बाबा?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "माझं काय चुकलं ते तरी सांगा."

त्यांनी अक्षरांचं पान उघडलं. मी बसून राहिले. दुसऱ्या अक्षराला तोंड उघडलं आणि दातांखाली ओठ दाबून धरला. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस, गर्दीच्या रस्त्यातून एका हाताने गाडी काढायचा. आता त्याला एक काना लावायला मिनिट लागत होतं. चुकीचं अक्षर पडलं की पुसायचं, पुन्हा शोधायचं. बाहेर शाळा सुटल्याचा गलका झाला आणि ओसरला. पाऊण तास लागला.

"तू दार लावतेस," पेटी म्हणाली.

मला वाटलं होतं ते जिने म्हणतील, रस्ता म्हणतील, बस म्हणतील. त्यांना माझं काम कळतं, हेडफोन कळतो, मीटिंगमध्ये टीव्हीचा आवाज जायला नको हेही कळतं. मी रडले. त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून भोकाड पसरून रडले, चाळिशीची बाई. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि लगेच काढून पुन्हा पेटीवर ठेवला.

रविवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी आत्याला फोन लावला, स्पीकर चालू करून पेटीजवळ धरला आणि बाबांकडे बघितलं. या वेळी एकदाही चुकले नाहीत.

"मला अक्काकडे जायचंय."

"कोण बोलतंय गं?" आत्या म्हणाली. "कोण पाहुणे आलेत?"

"बाबा बोलतायत, आत्या."

आत्या म्हणाली, "त्याला म्हणावं, पुन्हा बोल." बाबांनी पुन्हा दाबलं. तिने आणखी एकदा बोलायला लावलं. त्यांनी एकूण तीन वेळा दाबलं, मी मोजलं. मग ती हुंदके देत म्हणाली, "उद्याच नेते हो तुला, बाळा," आणि बाबांचा चेहरा असा काही झाला की मी खिडकीबाहेर बघितलं.

माझ्या खोलीत जाऊन मी ती नवी इमेज पुसून टाकली. दुसरी बांधायला घेतली, 'माझी वाक्यं' कुलपाच्या बाहेर ठेवून. दार उघडंच ठेवलं. उद्यापासून या घरात लावायला आणि उघडायला मी एकटीच असणार, हे कळत होतं. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. दादाला कळवायचं होतं, पण त्याचा तो 'बघ, म्हटलं नव्हतं' ऐकायचं त्राण नव्हतं.

सहा वाजले. सवयीने उठले, बाबांच्या खोलीत गेले, "चला, जेवायचं" म्हटलं, आणि जेवण वाढण्यासाठी टेबलाकडे वाकले. त्यांनी झटकन वायर धरली, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"नाही बंद करत, बाबा. आत्याला कळलंय आता. ती येतेय उद्या."

मी चिकटपट्टी आणून त्यांच्यासमोर स्विचवर लावली, एकावर एक तीन पट्ट्या. त्यांनी ती नीट पाहिली. मग मी भरवत होते तोपर्यंत ते निमूट जेवले. वायर मात्र त्यांनी सोडली नाही.