शुभेच्छुक

कंपनीची बस मोशीच्या चौकात वळली आणि मागच्या सीटवरच्या बायका एकदम हसायला लागल्या.

"वर्षाराणी, बघ की गं, तुला लटकवलंय."

वर्षाराणीनं खिडकीतून पाहिलं. विजेच्या दोन खांबांमध्ये पिवळाधमक फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर तिचा चेहरा होता, आणि तिच्या खांद्याला गाल टेकलेली संस्कृती, तिची आठवीतली मुलगी. 'मोशीची रणरागिणी सौ. वर्षाराणी ज्योतीराम बिराजदार यांचा जाहीर सत्कार.' खाली सोसायटीचं नाव, विंगसकट. फोटो तिच्या व्हॉट्सअॅपच्या डीपीवरून उचललेला. तिला कुणी विचारलं नव्हतं.

झालं होतं ते असं. पंधरवड्यापूर्वी पहिली पाळी संपवून ती भाजी घेऊन घरी निघाली होती. पुढं सोजराबाई चालत होत्या. सोजराबाई मूळच्या गावातल्या. सोसायटी उभी आहे तिथं पूर्वी त्यांच्या घरचा कांदा व्हायचा, आणि अजूनही त्या दुपार उतरली की शेतावर चक्कर मारावी तशा गेटपर्यंत येऊन जायच्या. मागून मोटरसायकल आली. मागं बसलेल्यानं सोजराबाईंच्या गंठणाला हात घातला. गंठण लवकर तुटेना, म्हणून म्हातारी गाडीबरोबर फरफटली.

वर्षाराणीनं विचार केला असता तर ती जागची हललीही नसती. तिनं त्या मागच्याची कॉलर धरली आणि सगळं अंग मागं टाकलं. गाडी कलंडली. त्याच्या तोंडावरचा रुमाल सुटला. वरच्या ओठाला तिरकी चीर असलेला, विशी-बाविशीतला चेहरा. त्यानं पाठीकडून शर्टात हात घालून कोयता काढला आणि कंटाळल्यासारखा म्हणाला, "सोड ना मावशे." तिनं सोडलं नाही. मग त्यानं तो तिच्या हातावर मारला, फांदी छाटावी तसा, आणि गंठण घेऊन दोघं निघून गेले.

चहाच्या टपरीपाशी दहा-बारा माणसं होती. सगळ्यांचे हात वर होते, आणि प्रत्येक हातात मोबाईल. नंतर एकानं पाणी आणून दिलं. "ताई," तो म्हणाला, "व्हिडिओ एक नंबर आलाय."

हाताला टाके पडले. ते ओले असतानाच ती नवऱ्याबरोबर चौकीत गेली. हवालदारानं व्हिडिओ दोनदा पाहिला. "डेरिंग आहे राव वहिनींचं," तो ज्योतीरामला म्हणाला. पण साहेब बंदोबस्ताला गेले होते, उद्या यायचं. दुसऱ्या दिवशी गाडीचा नंबर पाहिजे होता. गाडीला नंबरप्लेटच नव्हती. "मग लिहू कुणाविरुद्ध?" त्यानंतरच्या खेपेला साधा अर्ज द्यायचा होता, आणि अर्ज दिल्यावर कळलं की ज्यांचं सोनं गेलं त्यांनी आधीच वेगळं लिहून दिलंय. सोजराबाईंनी गंठण 'गहाळ' झाल्याचं लिहून दिलं होतं.

"गहाळ कसं, आजी?" वर्षाराणीनं त्यांच्या दारात उभं राहून विचारलं. "मानेवर वळ आहे अजून तुमच्या."

सोजराबाईंनी पदर वर ओढून घेतला. "चौकीतलेच म्हनले, असं लिवा, लवकर मिळंल. आन् खरं सांगू का? मी वळखलं गं त्याला. रणजीत हाय त्यो. आमच्या हिंदुरावाच्या मागंमागं हिंडतो."

"मग सांगा ना चौकीत."

"तुझं काय, तू बाहेरची. उद्या फ्लॅट इकून गावाकडं जाशील. आमी कुठं जायाचं?"

हिंदुराव म्हणजे वाढदिवसाला चारही रस्त्यांवर झळकणारा माणूस. येत्या निवडणुकीला उभा राहणार, हे त्याच्याआधी त्याचे फ्लेक्सच सांगायचे. सत्काराची कल्पना त्याचीच होती. फ्लेक्सवर वर्षाराणीच्या डोक्यावर त्याचा हसरा चेहरा होता, तिच्यापेक्षा मोठा. आणि तळाला, नेहमीप्रमाणे, शुभेच्छुक. बिल्ल्याएवढे गोल फोटो, ओळीनं. ती बसमधून उतरून फ्लेक्सखाली गेली आणि एकेक चेहरा बघत राहिली. एक गोल तिनं पुन्हा पाहिला. गॉगल, जोडलेले हात, वरच्या ओठाला तिरकी चीर. खाली नाव होतं: रणजीतभाऊ.

ज्यानं हात कापला तो तिला शुभेच्छा देत होता. शेजारी रसवंतीवाला उसाचा चोथा पुन्हा चरकात घालत होता. तिनं दुसरीकडं पाहिलं.

फ्लेक्सचा फोटो काढून ती तशीच चौकीत गेली. या वेळी साहेब म्हणजे फौजदार होते. दात कोरत त्यांनी मोबाईल लांब धरून पाहिला.

"फ्लेक्स हा काय पुरावा होतो का मॅडम? सारखी दिसणारी माणसं असतात."

"ओठ बघा त्याचा. व्हिडिओत पण तसाच आहे."

"व्हिडिओ हललेला आहे हो."

"बरं. निदान हा उतरवा तरी. माझ्या मुलीचा फोटो आहे त्यावर, राहायचा पत्ता आहे."

"ते महापालिकेचं काम. आकाशचिन्ह विभाग." हा शब्द त्यांनी चवीनं उच्चारला. "आणि खरं सांगू का, सत्काराला आम्हीपण आहोत. शाल माझ्या हस्ते, नारळ हिंदुरावदादांच्या. रविवारी भेटतोयच की, तेव्हा बोलू."

घरी ज्योतीराम म्हणाला, "जाऊ दे आता, वर्षा. शाल घे आणि ये." तो वाईट माणूस नव्हता. महाळुंग्याला सुपरवायझर होता, आणि रोज कुणाकुणाची भांडणं मिटवून थकून यायचा.

संस्कृती मान खाली घालून जेवत होती. मान न उचलताच म्हणाली, "मी उद्यापासून क्लासला नाही जाणार."

"का गं?"

"त्या फ्लेक्सखाली दोघं गाडीवर असतात. म्हणाले, रणरागिणीची पोरगी ना तू? फोटोपेक्षा भारी दिसतीस." तिनं भाताचा घास उगाच चिवडला. "मग क्लासच्या गेटपर्यंत मागं आले. हळूहळू. काही बोलले नाहीत."

ज्योतीराम ताटावरून उठला, बेसिनशी जाऊन हात धूत राहिला. नळ बंद करायचं त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर वर्षाराणीनं वॉचमनकडून सोसायटीची शिडी घेतली आणि संस्कृतीच्या कंपासमधली कात्री. रस्ता भरून वाहत होता. ती शिडीवर चढली आणि संस्कृतीचा चेहरा कडेकडेनं कापून काढला, मग खालची पत्त्याची ओळ. स्वतःचा चेहरा तिनं तसाच ठेवला. शुभेच्छुकांना हातही लावला नाही. खाली पुन्हा मोबाईल वर झाले होते. मुलीचा चेहरा गुंडाळून तिनं पिशवीत टाकला.

शिडी परत करून ती लिफ्टपाशी पोहोचते तोच पोलिसांची गाडी गेटमधून आत आली. इतक्या लवकर येऊ शकतात, हे तिला माहीत नव्हतं.

"फ्लेक्स फाडलात मॅडम," हवालदार म्हणाला. त्याचं तोंड गुटख्यानं भरलेलं होतं, म्हणून तो हनुवटी वर करून बोलत होता. "लोकांच्या भावना दुखावल्यात. चला."

चौकीत बाकावर रणजीत बसला होता. तक्रारदार तोच. त्याच्यासाठी चहा आला होता. तिला बघून तो सरकला आणि बाकाची निम्मी जागा मोकळी केली.

"बसा काकू. टाके निघाले का?"

आवाजात खरोखरच काळजी होती. तीच तिला सहन होईना.

"बघा," फौजदार म्हणाले, "पोरगं मनानं वाईट नाही."

"साहेब, तो आत्ता काय बोलला ऐकलंत ना? टाके कशाचे हे त्याला कुणी सांगितलं?"

"व्हिडिओ सगळ्या गावानं पाहिलाय."

ज्योतीराम धापा टाकत आला. कंपनीचा गणवेश अंगावर, ओळखपत्र गळ्यात. फौजदारांनी त्यालाच समजावायला घेतलं. "मिटवून टाका भाऊ. हा त्याची तक्रार मागे घेईल, वहिनी त्यांची मागे घेतील. रविवारी सत्कार आहे, कुठं विघ्न आणता."

ज्योतीरामनं तिच्याकडं पाहिलं. हो म्हण, असं ते पाहणं होतं.

"माझी कुठली तक्रार?" वर्षाराणी म्हणाली. "तुम्ही ती लिहिलीच नाही. मागे घ्यायला आधी लिहावी लागते."

हवालदार खिडकीतून थुंकून आला.

"असं करा," ती म्हणाली, "याची लिहा. माझ्यावर गुन्हा दाखल करा. फ्लेक्स मी कापला. का कापला ते मी जबाबात सांगणार, आणि तेवढं तरी तुम्हाला लिहून घ्यावं लागेल."

फौजदारांनी दात कोरायचे थांबवले. रणजीतकडं पाहिलं. रणजीत चहाचा शेवटचा घोट घेऊन उठला.

"जाऊ द्या साहेब. मला नाही करायची तक्रार. काकू आपल्याच आहेत." त्यानं दोन्ही हात जोडले, फ्लेक्सवर जोडले होते तसेच. "चला काकू, सोडतो तुम्हाला. घर माहितीये मला."

"साहेब," वर्षाराणी म्हणाली.

"काय वाईट बोलला? घरी सोडतो म्हणाला."

रणजीत पायऱ्या उतरला. बाहेर गाडी सुरू झाली, जागेवरच थोडा वेळ गुरगुरली आणि गेली. फौजदारांनी कागद बाजूला सारले. "मिटलं," ते म्हणाले. "या आता."

ज्योतीराम दाराच्या दिशेनं वळला होता. तो तिथंच थांबला. त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं, परत आला आणि बाकाच्या टोकाला बसला.

"लिहा साहेब," तो म्हणाला. "पहिल्यापासून लिहा. आम्ही थांबतो."

"अहो, साहेब आता राउंडला निघतील," हवालदार म्हणाला.

"येतील ना परत."

वर्षाराणी त्याच्या शेजारी बसली. रणजीतच्या बसण्यानं बाक अजून कोमट होता. तिला किळस आली, पण ती उठली नाही.